एक सुई, एक गोष्ट

आक्का, पाहिला मी तुझा रोग! काल पाहिला, पुण्याच्या रुग्णालयात, मागच्या अंगाला असलेल्या त्या लहानशा खोलीत, एक डोळा मिटून आणि दुसरा भिंगाच्या नळीला लावून. काळ्याकुट्ट अंधारात गोल गोल चंद्र, आणि एकेका चंद्राला भलंमोठं खळं पडलेलं. मी ओरडलोच. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "भिवाशेट, सावकाश. टेबल हलतंय." टेबल कुठलं, मीच हलत होतो.

तुला हे सगळं आधीपासून ठाऊक होतं. तू ते वॉर्डातल्या एकूणएक बाईला सांगितलंस. फरशी पुसणारीला सांगितलंस. शेजारच्या खाटेवरच्या ठार बहिऱ्या आजीला हातवारे करून सांगितलंस. मला मात्र सांगितलं नाहीस. मी विचारलं, तर तोंड फिरवून म्हणालीस, "तू सुईला नको म्हणालास न्हवं? मंग तुला गोष्ट कशाची?"

हा राग मी धरून आहे. तू गेलीस म्हणून तो सोडीन, असं समजू नकोस.

भाव करायला तूच मला शिकवलंस. वडगावच्या बाजारात कोंबड्या घेऊन बसायचीस तेव्हा मी तुझ्या पदराला धरून असायचो. गिऱ्हाईक अडून बसलं की तू म्हणायचीस, "ऊठ रं भिवा, निघू." आणि मला हळूच चिमटा काढायचीस. "उठायचं, पण डोक्यावरची चुंबळ सावकाश वळायची," हे तुझं शास्त्र. तेवढ्या वेळात गिऱ्हाईक पाघळायचं. त्याच शास्त्रावर मी लोणावळ्याच्या स्टेशनात पाहुण्यांचे होल्डॉल उचलता उचलता दुकानदार झालो. बंगलेवाल्यांचे पलंग, आरसे, कपाटं, झुंबरं घ्यायची आणि विकायची. मोठमोठ्या बंगल्यांचे मालक माझ्याशी बोलताना घाम पुसतात. पण तुझ्यापुढे माझं कधी चाललं नाही.

मी लोणावळ्यात घर बांधलं तेव्हा तुला न्यायला टाकव्याला आलो होतो, आठवतं? तू म्हणालीस, "तुज्या लोणावळ्यात पावसाळ्यात माणसाला बी बुरशी चढंल. माजं टाकवं बरं." त्यात खोटं काहीच नव्हतं. आमच्याकडे आषाढात कशाला बुरशी चढत नाही? चपलांना, कोटांना, कपाटांच्या पाठींना. आम्ही फडक्याने पुसतो आणि उन्हाची वाट बघतो. पण मी चिडून म्हणालो होतो, "तुज्या माळ्यावरच्या कबुतरांच्या घाणीपरीस बुरशी बरी!" त्या दिवशी आपण दोघेही आपापल्या घराची बाजू घेऊन किती भांडलो. आज डॉक्टरीणबाईंना ते भांडण सांगितलं, तर त्या कपाळाला हात लावून हसतील. दोघांचं मिळून एकच निघालं.

कबुतरांवरून मी तुला दर खेपेला बोललो. त्यांच्या पंखांचा वारा लागला की आखडलेले सांधे मोकळे होतात, लकवासुद्धा हटतो, असं आपल्याकडे सगळेच मानतात. तू तर माळ्याखालीच घोंगडी टाकायला लागलीस. वर पंख फडफडले की खाली धूळ झरायची, आणि तू डोळे मिटून ती अंगावर घ्यायचीस, जशी काही देवाची आरती घ्यावी. मी म्हणायचो, घाण आहे. तू म्हणायचीस, गुण आहे. घाणीत काय असतं हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. मी फक्त नाक मुरडत होतो, आणि नाक मुरडणाऱ्याचं तू कशाला ऐकशील?

पण खरा गुण वाऱ्याचा नव्हताच. बाजारात तो पिशवीवाला यायचा, सांध्यांवर पांढऱ्या पुड्या द्यायचा. ती पुडी घेतलीस आणि धरून धरून चालणारी तू भातलावणीला उभी राहिलीस. भूक वाढली. तोंड कसं वाटोळं, भरलेलं झालं. तुझी थोरली जाऊ पारूबाई सगळ्यांना सांगायची, "धाकलीला म्हातारपणी बाळसं आलं." आणि तू खूश. सारं श्रेय कबुतरांना दिलंस, पुडी कनवटीला लपवलीस. माझ्यापासूनही लपवलीस.

मग तुझ्या नामदेवाचं लग्न झालं आणि शिरगावची कमळ सून म्हणून घरात आली. तिच्या पाठोपाठ तुझी डोकेदुखी आली. तेवढं निमित्त पारूबाईला पुरलं.

आधी नुसतं डोकं ठणकायचं, तू फडकं आवळून बांधायचीस. मग उलट्या. मग एक दिवस तू दारात उभ्या असलेल्या कमळकडे बघत म्हणालीस, "म्या एकच सून आणलीती. ही दुसरी कोन?" तुला एकाचे दोन दिसत होते. त्यानंतर तू त्या पोरीला शिव्या द्यायला लागलीस. तू, जिने माझ्याखेरीज जन्मात कुणाला अरे म्हटलं नव्हतं. पारूबाईने देवऋषी आणला. त्याने लिंबू कापलं, राख फुंकली आणि सांगितलं, नवं माणूस घरात आल्यापासून बाधा आहे. झालं. अख्ख्या टाकव्यात कमळ पांढऱ्या पायाची ठरली.

मी गाडी घेऊन आलो तेव्हा पारूबाई दारात आडवी आली.

"देवरुशी म्हनतोय हलवू नगा. आन तुमी कोन नेनारं?"

"मी भाऊ आहे तिचा."

"भाऊ हायसा तर त्या पोरीला न्या आदी शिरगावला. धाकली आपसूक बरी व्हईल."

मी काय बोललो ते लिहिण्यासारखं नाही. तू शुद्धीत असतीस तर माझ्या कानाखाली दिली असतीस.

पुण्याला मोठ्या डॉक्टरांनी पाठीच्या मणक्यात सुई घालून पाणी काढलं आणि सांगितलं, मेंदूच्या आवरणाचा क्षय दिसतो. क्षयाची औषधं सुरू झाली. पुन्हा सुई, पुन्हा पाणी, आणि तू होतीस तिथेच. डोकं धरून कण्हत होतीस. मग त्या तरुण डॉक्टरीणबाई आल्या आणि म्हणाल्या, आणखी एकदा पाणी काढायचं आहे. मी उसळलो. म्हटलं, माझी बहीण म्हणजे काय विहीर आहे? आधीच्या पाण्यात काय सापडलं ते दाखवा, मग पुढचं बोलू. त्या समजावत होत्या, मी आवाज चढवत होतो, नर्सा दारात गोळा झाल्या. आणि खाटेवरून तुझा आवाज आला. कित्येक दिवसांनी सरळ, स्वच्छ आवाज.

"बाई, सुई टोचून तुमाला काय घावतं?"

"पाण्यात काय आहे ते कळतं, आजी."

"आन मला?"

असं त्यांना कुणी विचारलं नसणार.

"मंग असं करा," तू म्हणालीस. "एक सुई, एक गोष्ट. टोचा. पर काय घावलं, ते मला समजंल असं सांगायचं. अर्धंमुर्धं न्हाई चालायचं."

"आक्का, मी बोलतोय ना त्यांच्याशी!"

"तू वरडतुयास. बोलतीया मी."

आणि माझ्यादेखत सौदा झाला. मला न विचारता. आणि त्याच सुईत सापडलं, हे तर त्याहून वाईट! त्यांनी त्या पाण्याच्या थेंबात नकाशे काढायच्या काळ्या शाईचा थेंब मिसळला, भिंगाखाली धरला आणि मग पदर सावरत वॉर्डात धावत आल्या. डॉक्टर असं धावताना मी प्रथमच पाहिले. तुझ्या खाटेशी टेकून त्या म्हणाल्या, "आजी, क्षय नाही! बुरशी आहे!"

मी म्हटलं, "बाई, बुरशी आम्ही फडक्यानं पुसतो."

तू माझ्याकडे बघितलंस आणि त्यांना म्हणालीस, "ह्याला भाईर काढा. मंग गोष्ट सांगा."

मी बाहेर गेलो. जन्मात मला कुणी असं दुकानाबाहेर काढलं नव्हतं. तिथून माझा राग सुरू होतो. तू जिंकलीस म्हणून मी चुकलो असं मी म्हणणार नाही; आधीच्या सुया फुकटच गेल्या होत्या की नाही? याचं उत्तर तू देणं लागत होतीस.

पण औषध मीच आणलं, हे तू कबूल कर. ते पुण्यात मिळेना. मी मुंबईच्या औषधवाल्याच्या उंबऱ्यावर बसलो आणि मिळेपर्यंत उठलो नाही. तिथे चुंबळ वळलीच नाही. त्या औषधाची बाटली काळ्या कागदात गुंडाळून टांगायचे, उजेड सोसत नसे म्हणून. ते अंगात जायला लागलं की तू थरथर कापायचीस, दात वाजायचे, आम्ही चार घोंगड्या टाकायचो. आणि तरी तू म्हणायचीस, "कापू द्या. आत मारामारी चाललीया."

मग ते दिवस आले. डोकं थांबलं. एकाची एकच दिसायला लागली. तू कमळला बोलावलंस, खाटेवर पुढ्यात बसवलंस आणि तिची वेणी घातलीस. ती पोरगी रडत होती आणि तू तिच्या केसांतला गुंता सोडवत होतीस. मी दारातून बघत होतो, आणि मला वाटलं, आता ही आपल्याला चालत घरी घेऊन जाईल. तू रोज गोष्ट ऐकायचीस, संध्याकाळी वॉर्डाला ऐकवायचीस, आणि मी आत आलो की गप्प.

नंतर तुझी मूत्रपिंडं थकली. औषध बुरशीला मारत होतं, पण शरीराला तेही पेलवेना. मी डॉक्टरीणबाईंना म्हणालो, "रोग कळला आणि माणूस गेलं. हा कसला व्यवहार?" त्या चष्मा काढून पुसत राहिल्या. मला आणखी बोलायचं होतं, पण पुढे शब्द सुचले नाहीत. तुझ्या भावाला शब्द सुचले नाहीत, आक्का.

दहाव्याला नदीवर काय झालं, ते ऐक. तुला आवडेल. पिंड ठेवला, सगळे मागे सरले, कावळ्याची वाट बघत बसले. कावळा काही येईना. नामदेवाने हात जोडून काय काय कबूल केलं, तरी येईना. आणि अचानक तुझी कबुतरं आली! घरावरून थेट नदीवर. उतरली आणि भातावर तुटून पडली. लोक एकमेकांकडे बघायला लागले. कुणी म्हणालं, "कबुतार चालतंय का?" कुणी म्हणालं, "पाखरूच हाय की." मला हसू आवरेना. तेवढ्यात पारूबाई उभी राहिली.

"कावळा शिवला न्हाई. धाकलीचा जीव त्या पोरीवर आडकलाय. तेरावं झालं की हिला शिरगावला धाडा, न्हाईतर घरातलं आनिक कुनीतरी जाईल."

कमळ खाली मान घालून वाळूत बसलेली. तुझा मुलगा चांगला आहे, पण थोरल्या चुलतीपुढे तोंड उघडत नाही. मी पारूबाईला सांगितलं की रोग बुरशीचा होता. तर ती म्हणाली, आणि आक्का, तिचा प्रश्न बिनतोड होता:

"बुरशी तर बुरशी. माळा योकच, धूळ योकच, कबुतरं तीच. आमी समदी त्याच घरात. मंग आमाला का न्हाई झालं? तिलाच का? सांगा की!"

मला सांगता आलं नाही. कारण ती गोष्ट तू मला सांगितलीच नव्हतीस! साऱ्या गावासमोर मी, भिवाशेट, तोंड वासून उभा. मग मला जे येतं तेच मी केलं. सौदा केला.

"पारूबाई, माझ्याबरोबर पुण्याला चला. तुमच्या प्रश्नाचं उत्तर मिळालं नाही, तर मी स्वतः कमळला शिरगावला पोचवतो. मिळालं, तर इथंच, या सगळ्यांसमोर शब्द मागे घ्यायचे."

"घाबरती व्हय मी? चला."

काल गेलो. इकडे कमळने पेटी भरून ठेवली होती आणि तिचा बाप न्यायला येऊन ओट्यावर बसला होता. डॉक्टरीणबाईंनी आम्हाला त्या खोलीत नेलं आणि एक काचेची नळी काढली. तीत कपड्यांच्या घट्ट खळीसारखं काहीतरी, आणि त्यावर पिवळसर, ओलसर साय. "ही आजींच्या पाण्यातली," त्या म्हणाल्या. "आम्ही वाढवली आहे." आक्का, तू गेलीस आणि ती तिथे जिवंत होती! मला ती नळी भिंतीवर आपटावीशी वाटली. पण पारूबाई वाकून बघत होती. "साय धरल्यावानी हाय की," ती पुटपुटली.

मग भिंग. आधी मी पाहिलं, ते तुला सांगितलंच. मग पारूबाईने डोळा लावला. बराच वेळ लावला.

"चांदाला खळं पडल्यावानी दिसतंय."

"ते खळं म्हणजे तिचं चिलखत," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "शाई त्यात शिरत नाही, म्हणून चमकतं. पाव फुगवणारं यीस्ट असतं ना, त्याच्या भावकीतली आहे ही. कबुतरांच्या जुन्या, वाळलेल्या विष्ठेत वाढते. धुळीबरोबर आपण सगळेच ती हुंगतो. तुम्ही, भिवाशेट, मीसुद्धा."

"मंग आमी जित्ती कशी?"

"कारण शरीरात राखणदार असतात. आजींना मी सैनिक म्हणाले होते, तर त्यांनी मला थांबवलं. म्हणाल्या, सैनिक कुनी बगितल्यात? राखणदार म्हना. शेतातल्या माळ्यावर बसून डुकरं हाकलनारं."

आक्का! तुझा आवाज त्या बाईंच्या तोंडून आला आणि मी खुर्चीचा हात धरला.

"आता ऐका," त्या म्हणाल्या. "आजींचे सांधे का दुखायचे? त्यांचे राखणदार बिथरले होते, स्वतःच्याच सांध्यांवर आरडाओरडा करत होते. त्या पांढऱ्या पुडीत असं औषध होतं, की ते राखणदारांना झोपवतं. आरडाओरडा थांबला, दुखणं थांबलं. तोंड वाटोळं झालं तेही त्या औषधानेच. पण राखणदार झोपले ते सगळ्या शेताचे. मग डुकरं आली, आणि हाकलायला कुणी नव्हतं. अशी माणसं थोडी, म्हणून हा रोग थोड्यांना. म्हणून घरात त्यांना एकट्यांनाच."

मी टाळी वाजवली! खरंच वाजवली, त्या खोलीत, सुतकातला माणूस. इतकी साधी गोष्ट! उत्तर मिळालं होतं, सौदा मी जिंकलो होतो. मी मोठ्या ऐटीत पारूबाईकडे वळलो.

पारूबाईचं तोंड पांढरं पडलं होतं. तिने कनवटीला हात घातला आणि टेबलावर एक पुडी ठेवली. तशीच. पांढरी.

"गुडग्यांसाटी," ती म्हणाली. "धाकलीनंच दिलीती. म्हंजी माजं राखनदार बी झोपल्यात?"

डॉक्टरीणबाईंनी तिचा हात धरला, चेहरा उजेडाकडे वळवून पाहिला. "अजून पुरते नाही. पण पुडी एकदम बंद करायची नाही, त्यानेही जीव जायची भीती असते. मी सांगेन तशी थोडी थोडी कमी करायची. माझ्याकडे येत राहायचं. आणि माळ्यावरची घाण कोरडी झाडायची नाही. धडधाकट माणसाने, नाकातोंडाला फडकं बांधून, पाणी शिंपडून काढायची. तुम्ही त्या माळ्याखाली जायचंही नाही तोवर."

"आन कबुतरं मारायची?"

"नाही हो. त्यांचा काय दोष?"

परतीच्या वाटेवर पारूबाई खिडकीबाहेर बघत होती. वडगाव मागे पडल्यावर एकदम म्हणाली, "भिवादादा, देवरुशी म्हनला नवं मानूस. नवी तर पुडी बी हुती की."

टाकव्यात पोचलो तर ओट्यावर निम्मं गाव. कमळ दारात उभी, पेटी पायाशी, तिचा बाप पागोटं बांधून तयार. मी तोंड उघडणार, तोच पारूबाईने मला कोपर मारून मागे सारलं. ती मधोमध उभी राहिली, पुडी सगळ्यांना दाखवली आणि म्हणाली:

"ही बगा. हिनं धाकलीचं राखनदार झोपवलं. राखनदार झोपलं, डुकरं शिरली. म्या माज्या डोळ्यांनी बगितली, चांदावानी डुकरं. पोरीचा काय बी संबंद न्हाई. म्या बोलले त्ये चुकीचं बोलले. आन कुनाच्या कनवटीला ही पुडी आसंल, तर लाजू नगा, हितं माज्याजवळ या. मी बी खातीया."

चांदासारखी डुकरं! मी सुधारायला गेलो आणि गप्प बसलो. तीन बायकांचे हात कमरेकडे गेले होते.

कमळ मात्र जागची हलली नाही. पेटीकडे बघत, अगदी हळू आवाजात तिने विचारलं, "मंग मी... हितंच ऱ्हाऊ न्हवं?"

"मंग जातीस कुटं?" पारूबाई खेकसली. "म्हस तटून उभी हाय मगाधरनं. तिची धार काय तुजा मामा काढील?"

सगळा ओटा हसला. तिचा बापही हसला, पागोटं सोडायला लागला. कमळने आतून चरवी उचलली आणि गोठ्याकडे निघाली. आधी चालत, मग पळत. आक्का, पळत गेली गं ती.